वजनकाट्यावरचे घर

किशोरवयीन मुलाचे वजन म्हणजे केवळ त्याच्या जिभेचा वा आळसाचा प्रश्न, असे आपण सहज मानतो. वस्तुतः काट्यावर त्याचे घरही उभे असते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलेमुली कृश, तर ५ टक्के अतिवजनी वा स्थूल आढळली. स्थूलता मुख्यत्वे सुखवस्तू घरांत; तेथे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून तिचे कौतुक होते आणि खेळाचा तास शिकवणीला जातो. गरिबाघरी ‘अंगकाठीच तशी’ म्हणून कृशतेकडे काणाडोळा होतो. शालेय पोषण आहार तर ऐन वाढीच्या वयात, आठवीलाच थांबतो. मुलांना दोष देण्यापूर्वी शासनाने तो दहावीपर्यंत न्यावा. पालकांनी मुलांचे मैदान परत द्यावे.