लाकडी विमानाची आठवण

दुसऱ्या महायुद्धातील विमान म्हटले की स्पिटफायर, लँकेस्टर ही नावे आपल्याकडील शाळकरी मुलालाही आठवतात. ज्याच्यावर लँकेस्टरचे वैमानिक घडले, त्या ‘ऑक्सफर्ड’चे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. शिक्षकाची उपेक्षा करण्याची जगाची रीत यंत्रांनाही चुकलेली नाही, हे या पानाचे वाचक असलेल्या गुरुजनांस वेगळे सांगावयास नको.

एअरस्पीड कंपनीचे हे दोन एंजिनांचे विमान 1937 साली प्रथम उडाले. पुढे अशी साडेआठ हजारांच्या आसपास विमाने बांधली गेली. मोटारी बनविणाऱ्या स्टँडर्ड कंपनीलाही या कामास जुंपण्यात आले. टायगर मॉथसारख्या एका एंजिनाच्या विमानावर हात बसलेला उमेदवार येथे येई आणि त्याची खरी परीक्षा सुरू होई. दोहोंपैकी एक एंजिन बंद पडले की विमान त्या बाजूस ओढले जाते; ते पायाखालच्या सुकाणूने सरळ कसे राखावे, ढगांत केवळ तबकड्यांवर भिस्त ठेवून कसे जावे, हे त्याला शिकावे लागे. बिनतारी संदेशवाहक आणि बाँबफेके यांचीही हीच शाळा. 1930 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीने जाताना झाशीला उतरलेली एमी जॉन्सन 5 जानेवारी 1941 रोजी असेच एक ऑक्सफर्ड पोहोचवीत असता टेम्सच्या मुखाशी मृत्यू पावली. जुन्या यंत्राविषयी हळवे होताना एवढे विसरू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने या परक्या विमानाशी नाते का सांगावे? ते लाकडाचे होते म्हणून. स्प्रूससारखे हलके लाकूड, प्लायवूड आणि सरस यांतून त्याचे पंख व धड उभे राहिले होते. अशा बांधणीला आपली हवा मानवत नाही. 1944 मध्ये मॉस्किटो या दुसऱ्या लाकडी विमानाच्या पंखांचे सांधे भारतात सुटू लागले, तेव्हा ती विमाने काही काळ जमिनीवरच ठेवावी लागली. युद्ध संपले आणि ऑक्सफर्डेही कुजली, मोडली, जळणात गेली. आज डक्सफर्डसारख्या संग्रहालयांत ती बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्याच काळातील डकोटा धातूचे, म्हणून भंगारातूनही उठले; ‘परशुराम’ हे नाव घेऊन 2018 मध्ये ते आपल्या हवाई दलात आलेही. अर्थात नुसता धातू म्हणजे जतन नव्हे. नागपूरच्या विमानतळावर 1991 पासून अडकून पडलेले बोइंग 720 तेथून हलविण्यास 2015 उजाडले!

आपल्याकडे स्मरणाची कल्पना आली की चौकात चौथरा बांधून वर निवृत्त लढाऊ विमान चढविले जाते. पुढे त्यावर कबुतरे बसतात. चंद्रपूरला ते करू नये. बल्लारपूरहून 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले, त्याचा अभिमान सर्वांनी मिरविला. पण लाकूड पाठविणारा जिल्हा लाकडाचे कसबही शिकवितो काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाच्या विद्यार्थ्यांनी ऑक्सफर्डच्या पंखाचा एक भाग तरी जुन्या आराखड्यांबरहुकूम, पूर्ण मापात बांधावा. सागवान त्यासाठी जड पडेल. आपल्या रानातील शिवण हलकी असते आणि सहसा तडकत नाही. उडावयाचे नाही, तेव्हा ती चालेल.

ही हौस गरीब जिल्ह्यांना परवडणारी नाही, असा आक्षेप येईल. एका पंखाच्या सांगाड्याला लागणारे लाकूड एखाद्या स्वागतकमानीपेक्षा अधिक नसावे. तो बांधून झाला की 2019 मध्ये सुरू झालेल्या सैनिक शाळेत ठेवावा, आणि त्यावरचे प्लायवूड मात्र एका बाजूने उघडेच सोडावे, म्हणजे आतल्या फासळ्या आणि सांधे मुलांना हात लावून पाहता येतील.