'साम दुश्मनी' आणि यहुदीद्वेष

अरब हे सामी वंशाचे, पैगंबरसाहेब अरब, तेव्हा मुसलमान 'सामीविरोधी' असूच शकत नाही, हा युक्तिवाद आपल्या जलशांत आणि तकरिरींत इतक्या वेळा ऐकू येतो की आता तो कुणी तपासूनही पाहत नाही. 'अँटिसेमिटिझम' या शब्दाला उर्दूत 'साम दुश्मनी' हा प्रतिशब्द रूढ झाला आणि घोटाळा पक्का झाला. साम म्हणजे हजरत नूह यांचा मुलगा. त्याची औलाद यहुदी तशी अरबही. मग स्वतःच्याच पूर्वजांशी दुश्मनी कशी? वर्गात भाषा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना एवढं तरी सांगता आलं पाहिजे की शब्दाचा अर्थ त्याच्या फोडीत नसतो, वापरात असतो.

आणि वापर काय सांगतो? १७८१ साली श्लोझर या जर्मन विद्वानाने हिब्रू, अरबी, अरामी या भाषांच्या कुळाला 'सामी' हे नाव दिलं. तोवर या नावात विष नव्हतं. १८७९ साली विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने बर्लिनमध्ये 'अँटिसेमाइट लीग' काढली आणि या शब्दाचा बोलबाला झाला. माररावांचं अरबांशी काही वाकडं नव्हतं. त्यांच्या नजरेसमोर फक्त यहुदी होते.

द्वेष जुनाच होता, मग नवा शब्द कशाला? जुना द्वेष चर्चचा होता. १०९६ साली जेरुसलेमकडे निघालेल्या क्रुसेडच्या टोळ्यांनी वाटेतच, ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या गावांत यहुद्यांची कत्तल केली. पण त्या द्वेषातून सुटायला एक वाट होती, ती म्हणजे बाप्तिस्मा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतले यहुदी शिकले, कायद्याने बरोबरीचे नागरिक झाले, काहींनी धर्मही बदलला. आता धर्म बदलूनही ज्यातून सुटका नाही असा द्वेष हवा होता. म्हणून तो रक्तात शोधला आणि त्याला शास्त्रीय वाटेल असं नाव दिलं. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणसाचा धर्म विचारलाच नाही, आजी-आजोबा मोजले. पुढे साठ लाख यहुदी मारले गेले. आउश्वित्झच्या छावणीत भुकेने हाडांचा सापळा झालेल्या, जगण्याची आशा सोडलेल्या कैद्याला बाकीचे कैदी 'मुसलमान' म्हणत. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

आमच्या इतिहासात यहुद्यांचा छळ झालाच नाही, असं म्हणणं खोटं आहे. १०६६ साली ग्रॅनडात कत्तल झाली. १९४१ च्या जूनमध्ये बगदादमध्ये 'फरहूद' झाला. पण आणखी एक दाखला आपल्या व्यासपीठांवर कधीच निघत नाही. १८४० साली दमास्कसमध्ये एक ख्रिस्ती पाद्री बेपत्ता झाला. यहुद्यांनी धार्मिक विधीसाठी त्याचं रक्त काढलं, असा आळ आला आणि यहुद्यांचे हाल हाल करण्यात आले. हा आळ युरोपातला, शेकडो वर्षांपूर्वीचा. त्याच वर्षी सुलतान अब्दुलमजीद याने फर्मान काढून हा आरोप निराधार ठरवला. खलिफाच्या गादीवरून निघालेलं हे फर्मान कुणाला आठवत नाही. ज्या युरोपी कचऱ्याविरुद्ध ते निघालं, तो कचरा मात्र आपल्या घरात आला.

'प्रोटोकॉल्स' या नावाने खपणारं चोपडं हा त्यातला सर्वांत घाणेरडा माल. यहुदी वडीलधाऱ्यांनी जग ताब्यात घेण्याचा कट रचला, असं सांगणारा हा मजकूर १९०३ मध्ये झारच्या रशियात छापला गेला. तिसऱ्या नेपोलियनवर १८६४ साली लिहिलेल्या एका फ्रेंच उपहासग्रंथातून तो चोरलेला आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच उघड केलं. तरी 'हमास'ने १९८८ च्या सनदेत त्याचा हवाला दिला! २०१७ च्या नव्या दस्तऐवजात आपला लढा यहुद्यांच्या धर्माशी नाही, असं त्याच संघटनेला लिहावं लागलं. मग जगातल्या प्रत्येक संकटामागे 'यहुदी साजिश' पाहणारे आपल्याकडचे लोक कुणाची वकिली करतात? ज्या आगा हश्र काश्मिरींनी उर्दू रंगभूमीला 'यहूदी की लडकी' दिलं, त्यांच्या भाषेत 'यहुदी' ही शिवी व्हावी?

महाराष्ट्रात तर हे अधिकच लाजिरवाणं आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', मराठी बोलत. दिवेकर, केहीमकर, पेणकर ही त्यांची आडनावं गावांवरून पडलेली. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला बांधलेल्या प्रार्थनास्थळाला ते 'जुनी मशीद' म्हणत. त्याच मुंबईत २००८ साली नरिमन हाउसमधल्या यहुद्यांना यहुदी म्हणून मारण्यात आलं. मारणाऱ्यांना बडा कबरस्तानात जागा मिळणार नाही, असं तिथल्या विश्वस्तांनी ठणकावलं. ती आम्हाला आमची खरी परंपरा वाटते.

इतकं बोलल्यावरच दुसऱ्या बाजूला जाब विचारण्याचा हक्क येतो. २०१६ मध्ये 'आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडी'ने यहुदीद्वेषाची व्याख्या स्वीकारली. इतर देशांवर होते तशी टीका इस्राएलवर केली तर तो द्वेष नव्हे, हे तिच्यात लिहिलं आहे. पण सोबतच्या ११ उदाहरणांपैकी ७ इस्राएलशी निगडित आहेत आणि विद्यापीठांत गाझाच्या मुलांसाठी बोलणाऱ्यांवर तीच उगारली जाते. मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न स्वतः यहुदी. विद्यापीठांत मुस्कटदाबीसाठी तिचा वापर होतो, असं तेच सांगत आले. २०२१ च्या जेरुसलेम जाहीरनाम्यात अनेक यहुदी अभ्यासकांनी द्वेष आणि राजकीय विरोध वेगळे करून दाखवले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेली कत्तल आणि त्यानंतर गाझात मारली गेलेली हजारो मुलं, दोन्हींबद्दल बोलताना ही रेघ लागते. ती पुसण्यात तेल अवीवचे सत्ताधारी आणि आपले तकरीरबाज यांचं संगनमत नसेलही, पण काम एकच चाललं आहे.

कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या यहुदीपणावर तिथल्या मुख्य धर्मपीठाने शंका घेतली. १९६२ मध्ये त्यांच्या लग्नांआधी वंश तपासण्याचे आदेश निघाले, पुन्हा आजी-आजोबांचीच मोजणी. या मराठी माणसांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, सरकारला जाब विचारला. १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांची बरोबरी जाहीर करावी लागली. त्यांना यहुदीद्वेष्टे कोण म्हणणार?