सरासरी वेगाचा पुरावा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी रस्ते अपघातांत प्राण गमावले. त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले गेले. वेगाला आवर घालणे हा म्हणूनच दंडवसुलीचा नव्हे, तर जीवितरक्षणाचा प्रश्न आहे. मात्र रडारचा कॅमेरा ठरावीक जागेपुरताच पाहतो. ती जागा ठाऊक असलेला चालक तेथे वेग कमी करतो आणि पुढे जाऊन पुन्हा वाढवतो.

यावर रडारविना उपाय उपलब्ध आहे. दोन ठिकाणचे कॅमेरे वाहनाची नंबरप्लेट वाचतात व वेळ नोंदवतात. मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागले की सरासरी वेग मिळतो. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापणारी मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने आलेली असते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून असा सरासरी वेग मोजला जात आहे. ही पद्धत मला रडारपेक्षा न्याय्य वाटते. क्षणभराच्या ओव्हरटेकसाठी ती कोणाला शिक्षा करीत नाही. उलट वाटेत चहाला थांबलेला बेफाम चालक तिच्या तावडीतून सुटू शकतो.

मात्र या न्यायाची सारी भिस्त घड्याळ आणि अंतर यांच्या अचूकतेवर आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने दोन किलोमीटर जाण्यास ९० सेकंद लागतात. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत १५ सेकंदांची तफावत असेल, तर हाच वेग कागदावर ९६ होऊ शकतो. दहा किलोमीटरांच्या टप्प्यात तेवढ्याच तफावतीने तो जेमतेम ८३ पर्यंत जातो. टप्पा जितका छोटा, तितका निरपराध चालकाला धोका मोठा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर अतिवेगाचा गुन्हा शाबीत होत नाही. त्या अंदाजाला यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आणले, तर ऑगस्ट २०२१ मधील नियम १६७अ ने उपकरणांना मान्यता-प्रमाणपत्र आणि चलनावर मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण यांचा तपशील आवश्यक केला. सरासरी वेगाच्या चलनावर माझ्या मते दोन ठिकाणे, दोन वेळा आणि मोजलेले अंतर छापले जावे, म्हणजे कोणालाही घरबसल्या हिशेब पडताळता येईल. रडार यंत्रांच्या पडताळणीसाठी २०२५ मध्ये वैधमापनाचे नियम अधिसूचित झाले. तीच कसोटी या घड्याळांनाही लागू व्हावी. शिवाय ही पद्धत जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद ठेवते. ज्यांनी नियम मोडलेला नाही, त्यांच्या नोंदी ठरावीक मुदतीत पुसल्या गेल्या पाहिजेत.

याच कलम १८३ मधील आणखी एक तरतूद दुर्लक्षित राहिली आहे. वेगमर्यादा पाळून जे अंतर दिलेल्या वेळेत कापणे व्यवहार्य नाही, ते तेवढ्या वेळेत कापण्याचा आदेश वा वेळापत्रक देणाऱ्याविरुद्धच तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. अंतर आणि वेळ यांचाच हा हिशेब आहे. तो ट्रकचालकाच्या चलनावर मांडला जात असेल, तर त्याला अशक्य मुदत देणाऱ्या मालकाच्या दारापर्यंतही पोहोचला पाहिजे.