उमेदवार होते, शार्फसाहेब

मा. चार्ल्स शार्फ,
मुख्य कार्यकारी अधिकारी, वेल्स फार्गो बँक

अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्याला काही आठवडेच झाले होते. जून 2020मध्ये आपण कर्मचाऱ्यांना पत्रक पाठवलेत : हवा तो अनुभव असलेले कृष्णवर्णीय उमेदवार फारच थोडे आहेत. सप्टेंबरमध्ये रॉयटर्सने ते छापले आणि देशभर संताप उसळला. प्रतिनिधिगृहाच्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी तर कमतरता बँकेच्या प्रमुखातच असावी, असे सुनावले. आपण लगेच माफी मागितलीत, नकळत बाळगलेला पूर्वग्रह कबूल केलात. ती माफी माझ्या लेखी खरी आहे. पण मूळ विधान खोडले गेले नाही, म्हणून हे पत्र.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने आपल्या बँकेवरचा भरतीतील भेदभावाचा ठपका तडजोडीने मिटवला. बँकेने 78 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. नाकारले गेलेले कृष्णवर्णीय अर्जदार होते 34 हजारांहून अधिक! त्या जागा ग्राहकसेवेच्या, कारकुनी कामाच्या. मी वरच्या पदांविषयी बोलत होतो, असे आपण म्हणाल. पण वरच्या पदाचा अनुभव येतो कुठून? पहिल्या पायरीवर पाऊल ठेवू दिले, तरच माणूस वर पोहोचतो. दारातून परत पाठवलेली माणसे वीस वर्षांनी वरच्या मजल्यावर कशी सापडतील?

त्याच वर्षी एक लाख डॉलरहून अधिक पगाराच्या बऱ्याच जागांसाठी मुलाखतीला बोलावलेल्यांत निम्मे उमेदवार वंचित गटांतले असावेत, असा नियम बँकेने केला. 2022मध्ये बँकेच्याच आजी-माजी कर्मचाऱ्यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितले, की आधीच भरलेल्या जागांसाठीही काहींच्या मुलाखती उरकल्या जात. नोकरीच्या आशेने तयारी करून आलेल्या माणसाशी याहून क्रूर वागणे कोणते? 2025मध्ये तर तो नियमच मागे घेतला गेला.

हे मराठीत लिहिण्याला कारण आहे. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. तेव्हापासून तो लढा आम्हाला परका नाही. आणि 'लायक माणसेच मिळत नाहीत' हे उत्तर आमच्याकडच्या बहुजनांनी आणि दलितांनीही पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे.

म्हणून आता नवी माफी नको, आकडे हवेत. दर वर्षी प्रत्येक स्तरावर अर्ज किती आले, मुलाखतीला किती जण बोलावले, नेमले किती आणि पाच वर्षांनी बढती किती जणांना मिळाली, हे वर्णानुसार जाहीर करा. गळती कुठल्या टप्प्यावर होते ते सर्वांना दिसू द्या, आणि तो टप्पा ज्यांच्या हाती आहे त्या अधिकाऱ्यांना जाब विचारा. उमेदवार थोडे आहेत की ते थोडेच ठेवले गेले, याचा निवाडा मग आपल्या शब्दावर अवलंबून राहणार नाही.

कळावे,
एक मराठी वाचक