एका कमाईचे अंदाजपत्रक

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. परंतु बोईसर-तारापूरचा पट्टा त्याच्या कितीतरी आधीपासून कामगारांचा आहे. रसायन, औषध, कापड आणि पोलादाच्या कारखान्यांवर येथील असंख्य चुली पेटतात. त्यांतील काही घरांत कमावणारे माणूस एकच असते. वैधव्य, घटस्फोट, परित्याग किंवा कारखान्यातील अपघात, कारण कोणतेही असो. अशा घरात मुलाच्या फीचा प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहतो. दोघे कमावते असले तर एकाचे काम सुटले तरी शाळा कशीबशी तगते. येथे पगार थांबला की शाळाही थांबते. म्हणून एकल पालकाने व्याजदराचा विचार मागाहून करावा. शिक्षणात खंड पडणार नाही याची तजवीज आधी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला उत्पन्नाचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. ठेकेदाराकडील मजुरीतून पूर्ण चौथा हिस्सा निघणे कठीण, हे आम्ही जाणतो. तरीही आपत्तीचा पैसा घरखर्चात मिसळू नये, एवढे तत्त्व लहान मिळकतीतही पाळता येते. बँकेच्या बारा महिन्यांच्या आवर्ती ठेवीतून एका सत्राची फी आधी उभी करावी. तोवर अन्य गुंतवणूक करू नये. सुकन्या समृद्धी खाते उत्तम आहे. मात्र मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावरच त्यातील निम्म्यापर्यंतची रक्कम शिक्षणासाठी काढता येते. तो महाविद्यालयाचा पैसा होय, शाळेचा नव्हे.

दुसरी तजवीज पालकाच्या स्वतःच्या आयुष्याची. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत मिळतो. पहिल्यात कोणत्याही कारणाने, तर दुसऱ्यात अपघाताने मृत्यू झाल्यास प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण आहे. जोडीदार कामावर असताना दगावला असेल आणि तो राज्य कामगार विम्यात नोंदलेला असेल, तर पत्नीला व मुलांना आश्रितांचा लाभ दरमहा मिळतो. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत विधवेसोबत दोन मुलांनाही पंचवीस वर्षांच्या वयापर्यंत निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. हा कुणाचा उपकार नव्हे. मृताच्या श्रमाचा तो हक्क आहे. एकरकमी भरपाई हाती आली की नातलगांची देणी आणि उत्तरकार्ये पुढे उभी राहतात. त्यापूर्वी दहावीपर्यंतची फी बाजूला काढावी.

शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या पालकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला फी एकाएकी समोर येते, आणि मुले नेमकी तेथेच गळतात. आठ वर्षे दरमहा थोडे बाजूला टाकले तर ती दोन वर्षे निभावतात.

निवासी शाळा ही चैन आहे, असा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकतो. रात्रपाळी करणाऱ्या एकट्या आईच्या बाबतीत तो तपासून पाहावा. दिवसाच्या शाळेची फी, रिक्षा, शिकवणी, जेवण आणि मूल सांभाळणाऱ्या शेजारणीला द्यावे लागणारे पैसे यांची बेरीज करावी व ती निवासी शाळेच्या फीशेजारी मांडावी. कधी फरक थोडा निघेल, कधी मोठा. मोठा निघाला तर अभिमान बाजूस ठेवून जिल्हा परिषदेची शाळा निवडण्यात कमीपणा नाही. सहावीत फीअभावी काढून घेतलेल्या मुलापेक्षा साध्या शाळेत दहावी झालेले मूल कितीतरी पुढे जाते.

परंतु सारा भार पालकावर टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. पुढच्या वर्षीची फी जूनमध्ये कळत असेल, तर कोणतीही आई तिचे नियोजन कसे करील? महाराष्ट्रातील २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालकांच्या प्रतिनिधींसह कार्यकारी समिती नेमून दोन शैक्षणिक वर्षांसाठी शुल्क ठरविण्याची पद्धत घालून दिली आहे. ही किमान मर्यादा मानावी. धम्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने त्याहून पुढे जावे: प्रवेशाच्या दिवशीच दहावीपर्यंतचा अंदाजित खर्च गणवेश, पुस्तके व सहलीसह लेखी द्यावा, फी मासिक हप्त्यांत घ्यावी, आणि एकल पालकाचा मृत्यू झाल्यास मुलाचे चालू वर्ष तरी थांबू नये, यासाठी राखीव निधी उभारावा. समता वर्गात शिकवायची, तर ती फीच्या पावतीवरही दिसली पाहिजे. आमच्या व्यवस्थापनाने पुढील प्रवेशापासून हा आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.