उभ्या मोटारीचा विमा

मोटार ही चैनीची वस्तू की गरजेची, हा वाद मध्यमवर्गात केव्हाच मागे पडला आहे. कर्ज काढून का होईना, शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरी लहानशी मोटार आली आहे. परंतु ती दारी आली म्हणून रोज धावते असे नाही. डोंबिवलीचा किंवा विरारचा नोकरदार सकाळी लोकल पकडतो, त्याची मोटार सोसायटीच्या आवारात कापडाखाली उभी असते. रविवारी ती बाहेर निघते. वर्षातून एकदोनदा गावी, एखाद्या लग्नाला किंवा देवदर्शनाला जाते. वर्षाअखेर मीटरवर जेमतेम चार हजार किलोमीटर वाढलेले असतात. त्याच आवारात, त्याच कंपनीची आणि त्याच वर्षी घेतलेली दुसरी मोटार धंद्याच्या फिरतीत पंचवीस हजार किलोमीटर धावते. विम्याचे नूतनीकरण करण्याची वेळ आली की मात्र दोघांच्या हाती पडणारी हप्त्याची रक्कम जवळजवळ सारखीच असते. यात काही न्याय आहे काय, हा प्रश्न साधा दिसला तरी तो विम्याच्या मूळ तत्त्वाला भिडणारा आहे.

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे देऊन एखाद्यावर कोसळलेले संकट वाटून घेणे. ही वाटणी न्याय्य ठरावयाची तर ज्याचा धोका अधिक त्याने अधिक द्यावे, हे ओघानेच येते. मोटारीच्या अपघाताचा संबंध ती रस्त्यावर किती धावते याच्याशी आहे, हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही. तरीसुद्धा आपल्याकडील दराच्या कोष्टकात अंतराला स्थान नव्हते. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दर चार गोष्टींवर ठरत असे: वाहनाची किंमत, इंजिनाची क्षमता, वाहनाचे वय आणि नोंदणीचे ठिकाण. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता यांसारखी आठ शहरे ‘अ’ विभागात आणि उरलेला देश ‘ब’ विभागात होता. पुण्यात नोंदलेल्या मोटारीला साताऱ्यातील मोटारीपेक्षा किंचित अधिक दर पडे, मग ती पुण्याची मोटार महिनाभर जागची हलली नाही तरी चालत असे. स्थळ पाहिले, वय पाहिले; वाहन चालते की उभे असते, एवढे मात्र पाहिले नाही. २००७ सालच्या प्रारंभी ही दरबंदी उठली आणि कंपन्यांना स्वतःचे दर ठरविण्याची मोकळीक मिळाली. तथापि जुन्या कोष्टकाची सवय त्यानंतरही बरीच वर्षे टिकून राहिली.

अंतराप्रमाणे हप्ता आकारावा, ही कल्पना नवी नाही. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६८ मध्येच असे दाखवून दिले होते की, वर्षाचा ठोक हप्ता एकदा भरला की पुढचा प्रत्येक मैल विम्याच्या दृष्टीने फुकट होतो आणि वाहन कमी चालविण्याचे कोणतेही कारण मालकापाशी उरत नाही. विम्याचा खर्च टायरच्या किमतीतच मिळवावा, म्हणजे जो अधिक फिरेल तो आपोआप अधिक भरेल, अशीही एक सूचना त्यांनी केली होती. विक्री यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये संमत केलेल्या १०३ क्रमांकाच्या प्रस्तावाने हप्ता ठरविताना पाहावयाच्या तीन प्रमुख बाबींत वर्षभरात कापलेल्या अंतराचा समावेश केला. अमेरिकेतील ब्रुकिंग्ज संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, सर्वत्र मैलाप्रमाणे हप्ता आकारला तर वाहनांची धाव सुमारे आठ टक्क्यांनी घटेल आणि दोनतृतीयांश कुटुंबांचा खर्च कमी होईल, असा अंदाज बांधलेला आहे. थोडे धावणारे अनेक आणि फार धावणारे थोडे, असे वाहनधारकांचे स्वरूप असल्यामुळेच असे घडते. सरासरीने काढलेला हप्ता बहुसंख्यांना जाचक ठरतो, तो याच कारणाने.

आपल्याकडे या विचाराला चालना मिळाली ती अलीकडे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रायोगिक योजनेखाली २०२० च्या सुमारास काही कंपन्यांनी असे विमे मर्यादित प्रमाणावर विकून पाहिले. योगायोगाने त्याच वर्षी मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली आणि देशभरातील मोटारी आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्यांनी त्या काळात हप्त्याचा काही भाग ग्राहकांना परत केला. आपल्याकडे विम्याच्या नूतनीकरणाची मुदत वाढवून मिळाली. मात्र उभ्या वाहनासाठी भरलेल्या पैशाचा प्रश्न तसाच राहिला. पुढे जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने ‘जेवढे चालवाल तेवढे भरा’ या पद्धतीला पुरवणी संरक्षणाच्या रूपाने सर्वसाधारण मान्यता दिली. ग्राहकाने वर्षाला किती किलोमीटर वाहन चालणार हे आधी सांगावयाचे, त्या टप्प्याप्रमाणे हप्त्यात सवलत घ्यावयाची आणि मीटरच्या छायाचित्रावरून किंवा वाहनात बसविलेल्या यंत्रावरून त्याची खातरजमा व्हावयाची, असे तिचे साधारण स्वरूप आहे.

या सवलतीचे स्वागत करताना तिचे नेमके मोल मात्र पारखून घेतले पाहिजे. वाहनाच्या विम्याचे दोन भाग असतात. एक त्रयस्थाला होणाऱ्या इजेचा व हानीचा. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवून देते. दुसरा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा; तो ऐच्छिक आहे आणि त्याचा दर कंपनी ठरविते. किलोमीटरची सवलत फक्त या दुसऱ्या भागावर मिळते. एक उदाहरण घेऊ. एका हजाराहून अधिक पण दीड हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीचा त्रयस्थ हप्ता जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दराने ३,४१६ रुपये होतो. स्वनुकसानीचा हप्ता, ‘नो क्लेम बोनस’ वजा जाता, समजा ६,००० रुपये आहे. दोन्हींवर शेकडा १८ वस्तू व सेवा कर धरला की बेरीज सुमारे ११,१११ रुपये येते. स्वनुकसानीच्या हप्त्यावर शेकडा वीस सवलत मिळाली तर करासह १,४१६ रुपये वाचतात. म्हणजे जाहिरातीत वीस टक्के दिसणारी सवलत ग्राहकाच्या खिशात पोहोचेपर्यंत एकूण रकमेच्या तेरा टक्क्यांच्या आतच राहते. ही रक्कम पगारदार माणसाला क्षुल्लक नाही; परंतु तिच्यासाठी डोळे मिटून सही करावी एवढी मोठीही नाही.

कारण सवलतीच्या पाठोपाठ अटी येतात. ठरलेले किलोमीटर संपल्यावर काय होणार, ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची अट. काही योजनांत जादा किलोमीटर विकत घेता येतात. काहींत मर्यादा ओलांडल्यानंतरच्या अपघातात नुकसानीचा वाटा मालकाने उचलावा लागतो किंवा स्वनुकसानीचा दावाच अडचणीत येतो. चार हजारांचा अंदाज बांधणाऱ्या कुटुंबात अचानक आजारपण निघाले आणि गावाकडच्या फेऱ्या वाढल्या, म्हणजे हा हिशेब कोलमडतो. दुसरी गोष्ट ‘नो क्लेम बोनस’ची. पाच वर्षे दावा न केल्यास स्वनुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते आणि एका दाव्याने ती जाते. वरच्या उदाहरणात ६,००० रुपयांचा हप्ता हा मुळात १२,००० रुपयांवरून त्या सुटीमुळेच उतरलेला असेल, तर चार हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा करणारा माणूस पुढल्या वर्षी सहा हजार अधिक भरील. कमी वाहन चालविणाऱ्याने हा बोनस जपण्यात किलोमीटरच्या सवलतीहून अधिक बचत आहे. विम्याची मुदत संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही तर हा बोनस हातचा जातो, हेही अनेकांना उशिरा कळते.

शिवाय उभे वाहन म्हणजे निर्धोक वाहन, हा समजही तपासून घ्यावा लागेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत पाण्याखाली गेलेल्या मोटारींत इमारतींच्या आवारात आणि तळघरांत उभ्या असलेल्याही होत्या. चोरी, आग, पूर, अंगावर पडणारे झाड यांना किलोमीटरचे सोयरसुतक नसते. म्हणून अंतर निम्मे झाले की हप्ताही निम्मा व्हावा, ही अपेक्षा रास्त नव्हे. ग्राहकाने पाहावयाचे ते एवढेच की, किलोमीटर संपल्यानंतरही आग, चोरी आणि पूर यांपासूनचे संरक्षण चालू राहते की नाही. हे ज्या विम्यात लेखी दिलेले नाही, तो स्वस्त असला तरी घेण्याजोगा नाही.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. कमी धावणाऱ्यांना सवलत मिळाली की अधिक धावणाऱ्यांचा हप्ता आज ना उद्या वाढणार. अधिक धावणारे सगळेच हौसेने फिरणारे नसतात. तालुक्याच्या ठिकाणी बिऱ्हाड आणि तीस किलोमीटर दूरच्या खेड्यात शाळा, वेळेवर एस.टी. नाही, अशा शिक्षकाला रोज साठ किलोमीटर वाहन चालवावेच लागते. औषधे विकणाऱ्या प्रतिनिधीचे पोटच फिरतीवर असते. शहरात लोकल आणि बसची सोय असलेल्याला बक्षीस, आणि ती सोय नसलेल्याला दंड, असा याचा अर्थ होणार नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय, न चालणाऱ्या वाहनाच्या मालकाकडून गुपचूप वर्गणी घेणे हा नव्हे. शाळेला जाण्यासाठी बस नसणे हा वाहतुकीच्या धोरणाचा दोष आहे. त्याची भरपाई शेजाऱ्याच्या विम्याच्या हप्त्यातून करण्याचे कारण नाही. स्वतःच्या वाहनाची झीज आणि मोडतोड हा ज्याचा त्याचा खर्च आहे, आणि तो वापराच्या प्रमाणात असावा हेच योग्य.

त्रयस्थ विम्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तो मोटारमालकासाठी नसून रस्त्याने चालणाऱ्या, सायकलवरून जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. विक्री यांचा युक्तिवाद काटेकोरपणे लावला तर खरे म्हणजे याच भागाला अंतराचा नियम अधिक लागू पडतो, कारण प्रत्येक किलोमीटरबरोबर दुसऱ्याच्या जिवाचा धोका वाढतो. परंतु आपल्या रस्त्यांवर अद्याप असंख्य वाहने, विशेषतः दुचाकी, कसल्याही विम्याविना धावतात. विम्याविना वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवलेली असूनही हे घडते आहे. अशा स्थितीत सक्तीच्या विम्यात किलोमीटरची मर्यादा आणली तर ती ओलांडून धावणाऱ्या वाहनाखाली सापडलेल्या माणसाच्या भरपाईला फाटे फुटतील. त्यामुळे तूर्त त्रयस्थ विमा एकसारखा आणि अमर्याद राहावा, आणि बचतीच्या नादात कोणीही त्याला हात लावू नये.

राहिला प्रश्न पाळतीचा. किलोमीटर मोजण्यासाठी काही कंपन्या वाहनात यंत्र बसवितात किंवा मोबाईल फोनवरून माहिती घेतात. असे यंत्र वाहन किती चालले एवढेच सांगून थांबेल असे नाही. ते कोठे गेले, केव्हा गेले, किती वेगाने गेले, हेही ते सांगू शकते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. अंतर मोजण्यास वर्षाच्या आरंभी व अखेरीस मीटरचे छायाचित्र आणि गॅरेजमधील सर्व्हिसिंगची नोंद एवढा पुरावा बहुधा पुरेसा ठरावा. मीटर फिरविणारे लबाड निघतील, हे खरे. पण मूठभर लबाडांसाठी सर्वांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. हजार-दीड हजार रुपयांच्या सवलतीच्या बदल्यात माणसाने आपली सारी दिनचर्या कंपनीच्या स्वाधीन करावी काय, हे ज्याने त्याने ठरवावयाचे आहे. ते ठरविण्याची संधी त्याला मिळावी, एवढे पाहणे प्राधिकरणाचे काम आहे.

खरी अडचण आहे ती माहितीच्या अभावाची. नूतनीकरणाच्या वेळी एजंट किंवा मोटारविक्रेता जो आकडा सांगतो तो भरून सामान्य माणूस मोकळा होतो. मध्यस्थाचे कमिशन हप्त्याच्या प्रमाणात असल्यामुळे कमी हप्त्याचा मार्ग त्याने आपण होऊन सुचवावा, ही अपेक्षा फोल आहे. म्हणून प्रत्येक नूतनीकरणाच्या सूचनापत्रावर नेहमीचा हप्ता, किलोमीटरप्रमाणे पडणारा हप्ता आणि मर्यादा ओलांडल्यास होणारा परिणाम, या तीन गोष्टी शेजारी शेजारी, मराठीत आणि ठळक टायपात छापण्याचे बंधन कंपन्यांवर घातले पाहिजे. मर्यादा संपण्यापूर्वी ग्राहकाला सूचना देणे आणि जादा किलोमीटर वाजवी दरात मिळणे, हेही सक्तीचे व्हावे. एवढे झाले तर आवारात उभ्या असलेल्या मोटारीच्या मालकाला आपल्या हप्त्याचा हिशेब स्वतः मांडता येईल. तोपर्यंत त्याने नूतनीकरणाच्या कागदावर सही करण्यापूर्वी खाली उतरून मीटरचा आकडा पाहावा आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून मगच पैसे भरावेत.