लाल किल्ल्यावरची सनई बालाजी घाटाची

संपादक महोदय,

ऑगस्ट आला की १९४७ सालावर लेख येतात आणि त्यांतला तारखांचा क्रम ठरलेला असतो. २० फेब्रुवारीला ॲटलींची घोषणा, मार्चमध्ये माउंटबॅटन, ३ जूनला फाळणीची योजना, १८ जुलैला स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर. हे सांगायलाच हवे. पण स्वातंत्र्याच्या सोहळ्यात लाल किल्ल्यावर जी सनई वाजली, ती कुठे घडली याचा उल्लेख मराठी लेखांत क्वचितच सापडतो.

ती काशीत, बालाजी घाटावर घडली. पंचगंगेला लागून असलेला हा घाट पेशव्यांनी बांधलेला. ती वाजवणारे, १९१६ साली बिहारमधल्या डुमरावला जन्मलेले बिस्मिल्ला खाँ लहानपणीच मामांकडे, अलीबख्श विलायतूंकडे, काशीला आले. मामा देवळात सनईची सेवा करत. भाच्याने वर्षानुवर्षे रियाज केला तो या घाटावरच्या बालाजी मंदिराच्या नगारखान्यात. लग्नकार्यात दाराबाहेर वाजणारे हे वाद्य त्यांनी मैफलीत आणले. १९३७ ची कलकत्त्याची संगीत परिषद त्यातला मोठा टप्पा. त्याच वर्षी प्रांतिक स्वायत्ततेखाली मुंबईत बाळासाहेब खेर आणि संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंत यांची मंत्रिमंडळे आली होती. देश स्वराज्याच्या उंबरठ्याकडे सरकत होता, त्याच काळात हा वादकही तयार होत होता.

राजकीय इतिहासात सनईचे काय काम, असे काही अभ्यासक विचारतील. १९४७ मध्ये पंजाब आणि बंगाल धर्माच्या नावावर चिरले जात होते. त्या वर्षी विष्णूच्या देवळात तयार झालेला एक नमाजी मुसलमान स्वतंत्र देशासाठी मंगलवाद्य वाजवतो, याहून स्पष्ट राजकीय विधान मला तरी दिसत नाही. पुढे २६ जानेवारी १९५० च्या प्रजासत्ताकाच्या सोहळ्यातही त्यांनीच सनई वाजवली.

काशीतले मराठीपण १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर केवळ दगडी पायऱ्यांपुरते उरले, हेही मला मान्य नाही. हिंदीतल्या ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर काशीतल्याच मराठी घरातले. आणि बालाजीच्या नगारखान्याचा वारसा तर नुसत्या बांधकामाचा नाहीच. देवापुढे रोज सनई वाजली पाहिजे, हा रिवाज देवळाने चालू ठेवला आणि वाजवणाऱ्याचा धर्म त्याआड येऊ दिला नाही. असा कलावंत कायद्याच्या एका कलमाने निर्माण होत नाही. त्याला रोज पहाटे बसायला जागा लागते, आणि ती जागा या देवळाने दिली.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत आरतीला विजेच्या मोटरीवर चालणारे नगारे आणि घंटा पाहून मला मनापासून वाईट वाटते. बटण दाबले की काम झाले. पण गुरव आणि वाजंत्री घराण्यांतली मुले मग सूर धरायला कुठे बसणार? ऐपत असलेल्या देवस्थानांनी तरी नगारखान्यात पगारी सनईवादक नेमावेत, त्यांच्याकडे दोन-चार मुले शिकायला ठेवावीत आणि नेमताना जात-धर्म विचारू नये. आपल्या नियतकालिकानेही येत्या ऑगस्टच्या अंकात बालाजी घाटाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक